दर पाच मिनिटांनी अडखळणारं नेटवर्क आणि स्वतःहून बंद-चालू होणारा पोर्ट

तक्रार एका शब्दाची होती: अडकतंय. फोनवरचं बोलणं मध्येच तुटायचं, शेअर्ड फोल्डर उघडताना पडदा गोठायचा, आणि आम्ही जागेवर पोहोचेपर्यंत सगळं पूर्ववत. "आता चालतंय बघा," हे वाक्य त्या आठवड्यात मी इतक्यांदा ऐकलं की जिन्यातूनच परत फिरायला लागलो.

शेवटी एका मशीनवर गेटवेला (बाहेरच्या नेटवर्ककडे नेणाऱ्या राउटरला) पिंग, म्हणजे सतत 'आहेस का?' विचारून उत्तर मोजणारा प्रोग्राम, लावून ठेवला आणि प्रत्येक ओळीपुढे वेळ छापायला लावली. दोन तासांनी पाहिलं तर चित्र अगदी स्वच्छ: १०:०२ ला तीन उत्तरं गहाळ, मग १०:०७ ला, मग १०:१२ ला. प्रत्येक फेरीत काही सेकंद पुढे सरकत, पण अंतर पाच मिनिटांचंच. इथेच अर्धं निदान झालं होतं, फक्त मला ते कळायला वेळ लागला. खराब केबल घड्याळ बघून बिघडत नाही. ठरावीक अंतराने येणारा बिघाड दिसला की कुठेतरी एक टायमर चालू आहे असं समजा, आणि मग तो टायमर कोणी लावला ते शोधा.

मी मात्र आधी तेच केलं जे सगळे करतात. मजल्यावरचा स्विच (सगळ्या मशीनच्या केबल जिच्या पोर्टांत, म्हणजे भोकांत, येतात ती पेटी) रीबूट केला.

त्याने दोन नुकसानं झाली. लॉग, म्हणजे स्विचने ठेवलेली घडामोडींची नोंद, मेमरीत होता, तो पुसला गेला. आणि स्विचला एनटीपी (नेटवर्कवरून घड्याळ जुळवणारी सोय) लावलेला नव्हता, त्यामुळे चालू झाल्यावर त्याने आपलं घड्याळ १ मार्च १९९३ पासून सुरू केलं. आता नव्या लॉगमधली वेळ पिंगच्या वेळेशी जुळवायची तर बोटांवर हिशोब. म्हणून पोर्टला हात लावायच्या आधी ही दोन कामं करा: एनटीपी लावा, आणि लॉग बाहेरच्या, लॉग साठवणाऱ्या सिसलॉग सर्व्हरवर पाठवा. सर्व्हर नसेल तर निदान 'शो लॉगिंग'चं सगळं आउटपुट एका फाइलमध्ये चिकटवून ठेवा, मग काय ते रीबूट करा.

पाच मिनिटं वाट पाहिल्यावर नव्या लॉगमध्ये ही जोडी दिसली (सिस्कोचा आयओएस स्विच आहे, बाकी कंपन्यांचे शब्द वेगळे, अर्थ तोच):

पीएम-४-ईआरआर_डिसेबल: स्टॉर्म-कंट्रोल एरर डिटेक्टेड ऑन जीआय१/०/१४, पुटिंग जीआय१/०/१४ इन एरर-डिसेबल स्टेट

आणि बरोबर ३०० सेकंदांनी:

पीएम-४-ईआरआर_रिकव्हर: अटेम्प्टिंग टू रिकव्हर फ्रॉम स्टॉर्म-कंट्रोल एरर-डिसेबल स्टेट ऑन जीआय१/०/१४

मग लिंक अप, आणि दुसऱ्या-तिसऱ्या सेकंदाला पुन्हा पहिली ओळ. सकाळपासून संध्याकाळपर्यंत हेच. १४ नंबरच्या पोर्टवरून ब्रॉडकास्टचा, म्हणजे सगळ्यांना उद्देशून पाठवलेल्या संदेशांचा, लोंढा येतोय, स्टॉर्म कंट्रोल ही लोंढा मोजणारी सोय तो पकडते, स्विच दार लावतो (पोर्ट एरर-डिसेबल करतो), पाच मिनिटांनी आपणच उघडतो, पुन्हा लोंढा.

दार कोण उघडतंय? 'शो एररडिसेबल रिकव्हरी' मारलं. सगळ्या कारणांपुढे 'एनेबल्ड', इंटरव्हल ३००. मुळात ही सोय बंद असते. कोणीतरी 'एररडिसेबल रिकव्हरी कॉज ऑल' अशी एक ओळ टाकून सगळ्याच कारणांसाठी चालू केली होती. कोणीतरी म्हणजे मीच, दोन वर्षांपूर्वी, कारण तेव्हा एक पोर्ट रात्री बंद पडला आणि मला तेवढ्यासाठी यावं लागलं होतं.

आता एक-दोन सेकंदांच्या लोंढ्याने अख्खा मजला का अडखळावा, हा प्रश्न रास्त आहे. इथरनेटच्या फ्रेमला (केबलवरून जाणाऱ्या डेटाच्या तुकड्याला) आयपी पॅकेटसारखं आयुष्य नसतं. आयपीमध्ये प्रत्येक राउटर टीटीएल (उरलेल्या टप्प्यांचा आकडा) एकाने कमी करतो आणि शून्य झालं की पॅकेट मरतं. फ्रेममध्ये असा आकडाच नाही. लूपमध्ये (केबल फिरून त्याच स्विचमध्ये परत आल्याने झालेल्या गोलात) सापडलेली ब्रॉडकास्ट फ्रेम केबल निघेपर्यंत फिरत राहते आणि प्रत्येक वळणावर आपल्या प्रती इतर पोर्टांतून बाहेर टाकते. गिगाबिट पोर्टमधून ६४ बाइटच्या फ्रेम सेकंदाला १४,८८,०९५ पर्यंत जाऊ शकतात. स्टॉर्म कंट्रोल ही मोजणी साधारण सेकंदाच्या मापाने करतं, म्हणजे दार लागेपर्यंतच्या त्या एका सेकंदात लाखो फ्रेम आत येऊन गेलेल्या असतात आणि त्या व्हीलॅनमधल्या (स्विचवर आखलेल्या त्या वेगळ्या नेटवर्कमधल्या) प्रत्येक मशीनला त्या उघडून पाहाव्याच लागतात.

त्याहून वाईट म्हणजे मॅक टेबल: कोणता मॅक (यंत्राचा हार्डवेअर पत्ता) कोणत्या पोर्टवर आहे याची स्विचची नोंदवही. लूपमधून परत येणाऱ्या फ्रेमवर मूळ पाठवणाऱ्याचाच पत्ता असतो. गेटवेची एआरपीची (कोणत्या आयपीचा मॅक कोणता हे विचारणारी) फ्रेम १४ मधून परत आली की स्विच समजतो, गेटवे १४ वर हलला. पुढच्याच क्षणी खरा गेटवे अपलिंकवरून (वरच्या स्विचकडे जाणाऱ्या पोर्टवरून) बोलतो. स्विच पुन्हा तिकडे वळतो. लॉगमध्ये हेच 'होस्ट इज फ्लॅपिंग बिटवीन पोर्ट जीआय१/०/१४ अँड पोर्ट जीआय१/०/४८' असं दिसतं. ही ओळ सापडली तर लूपचा पत्ताच हातात आला: दोन पोर्टांपैकी एक खरा असतो, दुसऱ्याच्या टोकाला भानगड असते.

यातून एक गंमत झाली होती. दुसऱ्याच मजल्यावरून तक्रार होती की प्रिंटर मधूनमधून गायब होतो. त्या मजल्याचा आणि १४ नंबरच्या पोर्टचा काही संबंध असेल असं स्वप्नातही आलं नव्हतं. पण प्रिंटरने टाकलेला ब्रॉडकास्ट आमच्या लूपमधून उलटा कोअर स्विचवर (सगळ्या मजल्यांना जोडणाऱ्या मुख्य स्विचवर) गेला की कोअरला वाटायचं, प्रिंटर आमच्या मजल्यावर आहे. गेटवे सतत बोलत असतो, त्यामुळे त्याची नोंद क्षणात सुधारते. प्रिंटर घुम्या. तो स्वतःहून काही बोलेपर्यंत त्याच्यासाठीची कागदपत्रं आमच्या मजल्यावर यायची आणि तिथेच संपायची. मॅक टेबलमधली न वापरलेली नोंद सहसा ३०० सेकंदांनी गळते, पण इथे तेवढ्यात पुढची फेरी यायची.

बीपीडीयू गार्डने का पकडलं नाही?

हा प्रश्न मला दोन दिवस छळत होता. पोर्टवर बीपीडीयू गार्ड होता. स्पॅनिंग ट्री चालू होती. लूप पकडण्यासाठीच तर हे सगळं असतं. १९८५ साली रेडिया पर्लमन यांनी डेक या संगणक कंपनीत असताना हा अल्गोरिदम काढला तो याचसाठी: स्विचनी दर दोन सेकंदांनी एकमेकांना बीपीडीयू नावाचे छोटे संदेश पाठवायचे आणि जास्तीची वाट बंद ठेवायची. आपलाच बीपीडीयू आपल्याच पोर्टवर परत आला तर बीपीडीयू गार्डने त्या क्षणी पोर्ट बंद करायला हवा.

केबलचा माग काढत गेलो. पॅच पॅनेलवरचा नंबर आणि भिंतीतल्या सॉकेटवरचा नंबर जुळत नव्हते, ते ठीकच. जुळले असते तर मलाच धक्का बसला असता. एरवी असं झालं की पोर्ट बंद करून कोण ओरडतं ते ऐकायचं, ही आमची जुनी खात्रीची पद्धत. इथे पोर्ट दिवसभर बंदच होता आणि कोणीच ओरडत नव्हतं. टोनर (केबलमध्ये आवाज सोडून तिचं दुसरं टोक शोधणारं यंत्र) लावून शोधलं तेव्हा केबल मीटिंगच्या खोलीत निघाली. टेबलाखाली, पायाने ढकलून कोपऱ्यात गेलेला, आठ पोर्टांचा एक साधा अनमॅनेज्ड (कुठलीच सेटिंग नसलेला) स्विच. त्याचे दोन दिवे एकाच लयीत, न थांबता लुकलुकत होते. आमचा पोर्ट त्या क्षणी एरर-डिसेबल होता, म्हणजे त्या डबीला बाहेरून काहीही येत नव्हतं, तरी दिवे पेटलेले. पॅच केबलचं एक टोक दोन नंबरच्या भोकात आणि दुसरं पाच नंबरच्या. कोणीतरी टेबल आवरताना लोंबणारं टोक "जागेवर" लावलं होतं. खोलीत सगळे वायफाय वापरत, म्हणून कोणाची तक्रार नव्हती.

आता बीपीडीयू. तो ०१:८०:सी२:००:००:०० या राखीव मल्टिकास्ट पत्त्यावर जातो, आणि मानकाप्रमाणे चालणाऱ्या स्विचने त्या पत्त्यावरची फ्रेम पुढे ढकलायची नसते. काही साधे स्विच ती तरीही पुढे ढकलतात. मग बीपीडीयू फिरून परत येतो आणि गार्ड त्याला पकडतो. काही ती गिळतात, पण स्वतः स्पॅनिंग ट्री चालवत नाहीत. आमची डबी दुसऱ्या जातीची. ब्रॉडकास्ट फिरवते, बीपीडीयू गिळते. गार्ड आंधळा झाला तो इथे. वाचवलं ते स्टॉर्म कंट्रोलने, आणि तेही केवळ त्यावर 'अ‍ॅक्शन शटडाउन' लावलेलं होतं म्हणून. ती ओळ नसती तर स्विचने मर्यादेवरच्या फ्रेम फक्त टाकून दिल्या असत्या, पोर्ट चालू राहिला असता आणि लॉगमध्ये इतकी ठळक ओळ मिळाली नसती.

तुमच्या स्विचमध्ये स्वतंत्र लूप डिटेक्शन असेल तर ते चालू करा. ते स्पॅनिंग ट्रीवर अवलंबून नसतं, स्वतःची वेगळी फ्रेम सोडून ती परत येते का ते बघतं. बीपीडीयू गार्ड आणि स्टॉर्म कंट्रोल दोन्ही असले तरी हे तिसरं हवंच, असं माझं आता ठाम मत आहे.

आणि एक गोष्ट कृपा करून करू नका. बीपीडीयू गार्डमुळे पोर्ट सारखा बंद होतो म्हणून वैतागून त्या पोर्टवर बीपीडीयू फिल्टर लावणं. इंटरफेसवर लावलेला फिल्टर बीपीडीयू पाठवतही नाही आणि आलेला मानतही नाही. म्हणजे त्या पोर्टापुरती स्पॅनिंग ट्री काढून टाकल्यासारखंच. तक्रार थांबते हे खरं. धूर दिसू नये म्हणून काचेवर कागद चिकटवल्यावरही थांबते.

कारण वेगळं असेल तर

'शो इंटरफेसेस स्टेटस एरर-डिसेबल्ड' मारलं की प्रत्येक बंद पोर्टापुढे कारण येतं. ते वाचल्याशिवाय पोर्ट उघडू नका. उघडायचाच झाला तर नुसतं 'नो शटडाउन' पुरत नाही. आधी 'शटडाउन', मग 'नो शटडाउन'.

'पीसिक्युअर-व्हायोलेशन' असेल तर पोर्ट सिक्युरिटीने अनोळखी मॅक पाहिला आहे. मुळात मर्यादा एकाच मॅकची असते आणि उल्लंघन झालं की पोर्ट बंद होतो. आयपी फोन आणि त्याच्यामागे पीसी असेल तर एक पुरत नाही. शिवाय फोन सुरू होताना आधी डेटा व्हीलॅनमध्ये आणि मग व्हॉइस व्हीलॅनमध्ये दिसू शकतो, म्हणून काही स्विचवर मर्यादा तीन ठेवावी लागते.

हे सगळं नीट असूनही पुन्हा पुन्हा उल्लंघन होत असेल, आणि तेही माणसं जागा बदलतात तेव्हाच, तर हे तपासा. लॅपटॉप एका फोनच्या मागून काढला आणि दुसऱ्या टेबलावर लावला. पहिल्या पोर्टची लिंक पडलीच नाही, कारण फोन जागेवरच आहे. त्यामुळे पहिल्या पोर्टने तो मॅक "माझा" म्हणून धरून ठेवलाय, आणि त्याच व्हीलॅनमध्ये तोच मॅक दुसऱ्या सिक्युअर पोर्टवर दिसला की ते उल्लंघन ठरतं. बंद पडतो दुसरा पोर्ट, चूक असते पहिल्यावरची. स्टिकी (शिकलेला मॅक कायम धरून ठेवणारी सेटिंग) काढा, आणि एजिंग (नोंद गळण्याची मुदत) 'इनअ‍ॅक्टिव्हिटी' प्रकारचं करून दोन मिनिटांवर आणा. या एका बदलाने आमच्याकडच्या अशा तक्रारी जवळपास संपल्या. पोर्ट बंद करण्याऐवजी 'रिस्ट्रिक्ट' हाही बरा पर्याय आहे: अनोळखी फ्रेम टाकून देतो, मोजणी वाढवतो, लॉग करतो, पण फोन चालू राहतो. 'प्रोटेक्ट' मात्र टाळा. तो टाकून देतो आणि कोणाला सांगतही नाही. त्याच्यामागे दिवस घालवलेला माणूस मी पाहिला आहे.

'एआरपी-इन्स्पेक्शन' कारण दिसलं तर बहुतेक वेळा हल्ला नसतो. डायनॅमिक एआरपी इन्स्पेक्शन (खोटे एआरपी रोखणारी सोय) अनट्रस्टेड, म्हणजे भरवशाच्या न मानलेल्या, पोर्टवर सेकंदाला १५ एआरपी एवढीच मुभा देतं, त्यावर गेलं की पोर्ट बंद. नेटवर्कमधली उपकरणं शोधणारं एखादं साधं सॉफ्टवेअर ही मर्यादा सहज ओलांडतं. आधी त्या मशीनवर काय चालतंय ते विचारा, मगच मर्यादा वाढवा.

त्याच कुटुंबातला दुसरा त्रास पोर्ट बंद करत नाही, म्हणून जास्त फसवा आहे. एआरपी इन्स्पेक्शन खरं-खोटं ठरवतं ते डीएचसीपी (मशीनना आयपी वाटणारी सोय) स्नूपिंगच्या नोंदवहीवरून: कोणत्या पोर्टवर, कोणत्या मॅकला, कोणता आयपी मिळाला. ही नोंदवही मेमरीत असते. स्विच रीबूट झाला की कोरी. थेट जोडलेले पीसी लिंक पडलेली पाहतात आणि सहसा डीएचसीपीला पुन्हा विचारतात, त्यांची नोंद परत होते. पण मध्ये स्वतःच्या अ‍ॅडॅप्टरवर चालणारा फोन किंवा लहान स्विच असेल तर मागच्या पीसीला काहीच कळत नाही. त्याचा जुना आयपी त्याच्या दृष्टीने वैध, आमच्या स्विचच्या दृष्टीने तोतया. एआरपी टाकून दिले जातात, आणि तक्रार येते की "रीबूटनंतर निम्म्यांचंच नेट आलं". उपाय म्हणजे स्नूपिंगचा डेटाबेस फ्लॅशमध्ये किंवा बाहेरच्या सर्व्हरवर साठवणं. त्या फाइलमध्ये लीज (आयपी वापरायची मुदत) कधी संपणार याच्या वेळा असतात, त्यामुळे १९९३ मध्ये जागा होणारा स्विच इथेही घोळ घालतो. एनटीपी, पुन्हा एकदा. स्टॅटिक आयपी असलेल्या प्रिंटरची नोंद हाताने घालावी लागते, तो डीएचसीपीकडे कधी जातच नाही. आणि कोणालाच आयपी मिळत नसेल तर अपलिंक ट्रस्टेड करायला विसरला असाल. अनट्रस्टेड पोर्टवरून आलेली डीएचसीपी ऑफर स्विच टाकून देतो, ती खऱ्या सर्व्हरची असली तरी.

'लिंक-फ्लॅप' म्हणजे दहा सेकंदांत पाच वेळा लिंक पडली-उठली. केबल, एसएफपी (स्विचमध्ये खोचायचं मॉड्यूल), फायबरचं टोक पुसणं, याच क्रमाने. फायबर असेल आणि 'यूडीएलडी' (एकाच दिशेने चालणारी लिंक ओळखणारी सोय) लिहिलेलं असेल तर बहुधा दोनपैकी एक धागा गेलाय.

आम्ही काय बदललं

मीटिंगच्या खोलीतली डबी काढली आणि भिंतीत दोन सॉकेट जास्तीचे घेतले. लोक टेबलाखाली स्विच ठेवतात ते खोडसाळपणाने नव्हे, भोकं कमी पडतात म्हणून. ते बंद करायचं तर भोकं द्यावी लागतात.

'कॉज ऑल' काढलं. लिंक-फ्लॅप आणि डीएचसीपी रेट लिमिट या दोन कारणांसाठी आपोआप उघडणं ठेवलं, कारण ती बहुधा तात्पुरती असतात. बीपीडीयू गार्ड, स्टॉर्म कंट्रोल आणि लूप या तिघांसाठी बंद. या कारणांनी दार लागलं तर ते माणसानेच जाऊन, बघून उघडायचं. दूरच्या जागी माणूस लगेच पोहोचणार नसेल आणि उघडणं भागच असेल, तर इंटरव्हल ३० पासून ८६,४०० सेकंदांपर्यंत जातो. तिथे मी तासाच्या खाली येत नाही. आणि एरर-डिसेबलची प्रत्येक ओळ आता मेलने येते. पूर्वी स्विच पाच-पाच मिनिटांनी सांगत होता, ऐकायलाच कोणी नव्हतं.

स्टॉर्म कंट्रोलची मर्यादा किती ठेवावी यावर वाद घालण्यापेक्षा आठवडाभर 'शो स्टॉर्म-कंट्रोल' बघा आणि नेहमीच्या आकड्याच्या वर बऱ्यापैकी मोकळीक सोडा. आमच्या ऑफिसच्या पोर्टवर ब्रॉडकास्टला १ टक्का भरपूर झाला. मल्टिकास्टवर मर्यादा लावताना हात आखडता ठेवा, नाहीतर व्हिडिओ चालवणारे तुमच्या दारात उभे राहतील.

मग कामाची वेळ संपल्यावर तीच डबी परत आणली, १४ नंबरला जोडली आणि तीच पॅच केबल दोन आणि पाच नंबरच्या भोकात खोचली. एका खिडकीत पिंग, दुसऱ्या खिडकीत लॉग. एक उत्तर गहाळ झालं, लॉगमध्ये एरर-डिसेबलची ओळ आली, मेल आला. पाच मिनिटं थांबलो, मग आणखी पाच. पिंग चालू होता. टेबलावर ठेवलेल्या त्या डबीचे दिवे मात्र एका लयीत लुकलुकतच होते.